उपचार घरात शिरतात तेव्हा

रावळपिंडीच्या ग्रामीण भागात एखाद्या गरोदर बाईच्या घरी जाऊन ‘हिला नैराश्य आले आहे’ असे सांगितले, तर पुढच्या खेपेला दार उघडेलच असे नाही. डॉ. आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेल्या ‘थिंकिंग हेल्दी’ कार्यक्रमाने म्हणून बाळाच्या वाढीचा विषय पुढे ठेवला. बाळ सुदृढ व्हावे, याला कोणती सासू हरकत घेईल? घरोघर फिरून माता-बालकांची काळजी घेणाऱ्या, त्याच भागातल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ बायकांना विचार-वर्तन उपचारांचे तंत्र शिकवले गेले. मनात ठाण मांडून बसलेला विचार ओळखायचा, तो पडताळून पाहायचा, आणि ठरवलेली एखादी छोटी कृती पुढच्या भेटीपर्यंत करून बघायची. सोबतीला चित्रे होती. भेटी 16.

नैराश्य असलेल्या 903 मातांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने 2008 मध्ये छापले. बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा उपचार घेतलेल्या मातांपैकी 23 टक्के नैराश्यात होत्या, तुलनेच्या गटात 53 टक्के. तुलनेच्या गटालाही तितक्याच भेटी मिळाल्या होत्या. फक्त भेटायला येणाऱ्या बाईला हे तंत्र शिकवलेले नव्हते. इथे थोडे थांबायला हवे. उपचार स्थानिक संस्कृतीत रुजवायचे म्हणजे आपल्या माणसाने आपल्या भाषेत मायेने विचारपूस करायची, अशी समजूत असते. विचारपूस दोन्ही गटांत झाली. फरक पडला तो तंत्राने.

गोव्यात ‘संगथ’ संस्थेच्या ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’नेही गाभा सोडला नाही. मन उभारी धरेल तेव्हा काम करू, असे न म्हणता ठरवलेले काम आधी करायचे, हे त्याचे सूत्र. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत हे शिकवले. 2017 च्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

मात्र घराची संमती घेऊन आत गेलेल्या उपचाराला घराविरुद्ध बोलता येते का? गोव्यातल्याच बाळंतिणींच्या 2002 मधील अभ्यासात गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी जन्मणे यांचा नैराश्याशी संबंध दिसला होता. यातली मारहाण आणि मुलीबद्दलची नाराजी घरातूनच येते. सासू आणि नवरा यांना सोबत घेतल्याशिवाय उपचार घरात पोचत नाहीत, हे मान्य. पण बाईशी एकांतात बोलण्याची वेळ राखून ठेवलीच पाहिजे, आणि मारहाण आढळली तर ‘विचार बदल’ एवढ्यावर तिची बोळवण करता कामा नये. संस्कृतीचा मान राखताना त्या बाईच्या जिवावर तडजोड होत असेल, तर तो मान नको.

महाराष्ट्रात हे काम आशाताईंकडे सोपवावे, असे सहज सुचते. त्यांना घरे माहीत आहेत, घरांना त्या माहीत आहेत. पण त्यांना अजून मानधन आणि कामागणिक मोबदलाच मिळतो, आणि लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंतची कामे आधीच डोक्यावर आहेत. रावळपिंडीत सुरुवातीचे प्रशिक्षण फक्त दोन दिवसांचे होते, पण नंतर दरमहा अर्धा दिवस अनुभवी माणसासोबत बसून अडलेल्या प्रसंगांची चर्चा व्हायची. त्या अर्ध्या दिवसाचा मोबदला आणि चर्चा घेणारा तज्ज्ञ, या दोन्हींची तरतूद योजनेत आधी हवी.