देव बघून घेईल

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात एकच वाक्य दोन भाषांत ऐकू येते. मराठी माणूस म्हणतो, "देव बघून घेईल." कानडी शेजारी म्हणतो, "देवरु नोड्कोतान." सावकाराच्या तोंडी हे वाक्य सहसा येत नाही. ते येते ज्याचे गाऱ्हाणे चावडीपासून कचेरीपर्यंत कोणी ऐकले नाही त्याच्या तोंडी. मग देवाचा न्याय ही भीतीची गोष्ट म्हणायची, की आशेची?

देवाघरचा निवाडा म्हटला की आपल्याला चित्रगुप्ताची वही आठवते आणि छातीत धस्स होते. ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथात मात्र वेगळेच चित्र भेटते. त्यातील ९६व्या स्तोत्रात देव पृथ्वीचा न्याय करायला येतो, तेव्हा शेते हरखतात आणि रानातली झाडे गाऊ लागतात. न्यायाधीश येतो म्हणून आनंद! कारण 'शाफात' या हिब्रू क्रियापदात शिक्षा देण्याबरोबरच नाडलेल्याची बाजू घेऊन बिघडलेले सरळ करणेही येते. ८२व्या स्तोत्रात तर देव न्याय करणाऱ्यांनाच फैलावर घेतो. दुबळ्याला आणि पोरक्याला तुम्ही का सोडवले नाही, असा जाब विचारतो. आमोस हा संदेष्टा दुसरी बाजू दाखवतो. जोडाभर चपलांसाठी गरिबाला विकणाऱ्यांना तो बजावतो, की देवाचा दिवस तुम्हांला काळोखाचा ठरेल. दिवस एकच, भीती की आशा, हे आपण कोठे उभे आहोत त्यावर ठरते.

हा विचार मराठीला परका नाही. कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींनी योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला 'दारफाळणीचा सण' असे अस्सल मराठी नाव दिले. त्या दिवशी दारे लावून उपवास आणि प्रार्थना. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', म्हणजे गोरगरिबांना दानधर्म आणि आप्तांच्या भेटी. योम किप्पूरच्या दुपारी ज्यू लोक योनाची कथा वाचतात. नाश ठरलेले निनवे शहर वागणूक सुधारते आणि वाचते. म्हणजे या न्यायात अपराध्यालाही वळायला वाव आहे.

आमच्या आजीचा बांधाचा दावा वर्षानुवर्षे चालला. जुने कागद उर्दूत, नोटिसा कन्नडमध्ये आणि आजीची भाषा मराठी. प्रत्येक तारखेनंतर ती म्हणे, "देव बघून घेईल," आणि पुढच्या तारखेला पुन्हा भाकरी बांधून निघे. निकालाआधीच ती गेली. तिची आशा फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. खरे कोठेतरी ऐकले जाते, या भरवशावर तिने आपले म्हणणे कधी सोडले नाही.

मात्र तेच वाक्य आपण दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोललो, तर ती पळवाट होते. महिपतींच्या 'भक्तविजया'तली दामाजीपंतांची कथा आपल्या बीदरशीच जोडलेली. मंगळवेढ्यात दुष्काळ पडला, तेव्हा बादशहाच्या कोठाराच्या किल्ल्या पंतांच्या हाती होत्या. भुकेल्यांना त्यांनी "देव बघून घेईल" असे सांगितले नाही, कोठार उघडले. विठू महाराच्या रूपात विठ्ठल बीदरच्या दरबारी आला, तो त्यानंतर.