संसार आणि विकतचा सहवास

घरात बायको-मुले किंवा म्हातारे आई-वडील असताना समलिंगी पुरुषाने पैसे मोजून दुसऱ्या पुरुषाचा सहवास घेणे, या एका कृतीत नीतीचे तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. पुरुषाने पुरुषाशी संग करावा का, हा पहिला. शरीराच्या जवळिकीचा मोबदला द्यावा-घ्यावा का, हा दुसरा. आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागू न देणे कितपत क्षम्य, हा तिसरा. धर्मशास्त्राच्या चर्चा बहुधा पहिल्यावर अडून बसतात आणि कायद्याच्या चर्चा पहिल्या दोहोंवर. तिसऱ्याकडे सहसा कोणी वळत नाही, कारण तो समलिंगी माणसापुरता उरत नाही, सगळ्याच संसारांच्या दारात येऊन उभा राहतो. तिन्हींत जड मात्र तोच आहे.

हा प्रश्न कुठे उभा राहतो, यावर त्याचे रूप बरेच ठरते. भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या हद्दीतले नारपोली ही यंत्रमागांची आणि गोदामांची वस्ती. पत्र्याच्या शेडमध्ये माग चालतात, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतात आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार बिशीत, म्हणजे सामायिक खानावळीत जेवतात आणि पाळी संपली की एकाच खोलीत आळीपाळीने झोपतात. कुटुंबे आहेत ती एका खोलीच्या संसारात. अशा ठिकाणी दोन पुरुष एका चटईवर झोपले तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. पुरुषांचे एकत्र असणे इथे संशयास्पद नाहीच, पण दोघांना तासभर दार लावून घ्यायला जागा मिळणे जवळजवळ अशक्य. म्हणून अशा भेटीच्या संदेशांत नाव किंवा वय यांच्याही आधी ‘प्लेस आहे का?’ हे विचारले जाते. लॉजवर जावे तर काउंटरवर आधार कार्ड द्यावे लागते. पैसे फोनवरून पाठवावेत तर व्यवहाराच्या यादीत नाव उमटते, आणि फोन घरात एकच असेल तर संध्याकाळी तो मुलांच्या हातात असतो. मग व्यवहार रोखीत होतो, बोलावलेला माणूस ‘मालिशवाला’ म्हणून ओळखला जातो आणि घरी सांगायला रात्रपाळीचे कारण असतेच. एकट्या सधन माणसाला जो व्यवहार खाजगी शौक म्हणून निभावता येतो, तो इथे दर वेळी चार-पाच छोट्या असत्यांवर उभा करावा लागतो.

मालिशीचा हा आडपडदा आजचा नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात दुसऱ्या अधिकरणाच्या नवव्या अध्यायात ‘तृतीया प्रकृती’चे दोन प्रकार वर्णिले आहेत. स्त्रीरूपाने वावरणारी गणिकेसारखी उपजीविका करते. पुरुषरूपाने वावरणारी आपली इच्छा लपवते आणि संवाहकाचा, म्हणजे अंग रगडणाऱ्याचा धंदा करते. पाय चेपता चेपता गिऱ्हाइकाचा कल कसा ओळखायचा, हे वात्स्यायन पायरी-पायरीने सांगतो. एकमेकांवर पूर्ण विश्वास असलेले नागरक, म्हणजे नगरातले रसिक पुरुष, आपसांत असा संग करतात, हेही त्याच अध्यायात आहे. वात्स्यायनाला यात काही सिद्ध करायचे नाही, तो व्यवहार नोंदवतो. पण नोंदीतली एक गोष्ट लक्षात राहावी अशी आहे. तिथे लपवणारा आहे तो सेवा देणारा. नारपोलीसारख्या ठिकाणी लपवण्याचा भार प्रामुख्याने सेवा घेणाऱ्यावर येतो, कारण संसार त्याचा आहे.

स्मृतींची भूमिका समजली जाते तितकी एकसुरी नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाशी मैथुन करणाऱ्या द्विजाला सचैल स्नान, म्हणजे अंगावरच्या वस्त्रांसकट आंघोळ सांगितली आहे. हेच प्रायश्चित्त त्याच श्लोकात बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा स्त्रीसंग करणाऱ्यालाही आहे. त्याच अध्यायात दुसऱ्या ठिकाणी मात्र या कृत्याची गणना जातिभ्रंश करणाऱ्या पापांत होते आणि तिथले प्रायश्चित्त कडक आहे. कौटिल्य प्रथम साहसदंड सांगतो, म्हणजे 48 ते 96 पण (तेव्हाची नाणी) इतका दंड. परस्त्रीगमनाच्या शिक्षांशी ताडून पाहिले तर ही दटावणी सौम्यच म्हणावी लागते. सौम्यपणाचे कारण उदारपणा नसून हिशेब आहे. परस्त्रीगमनाने कुळाचा आणि वारशाचा घोटाळा होतो, पुरुषसंगाने तो होत नाही. ज्या स्त्रीचा नवरा असा संग करतो तिचे काय, हा विचार या हिशेबात नाही.

तो विचार विवाहशास्त्रातही सापडत नाही. गृहस्थाश्रमात शिरण्याचे एक कारण पितृऋण. पुत्र झाला की ते फिटले. मुस्लिम समाजात निकाह ही सुन्नत आणि अर्धा धर्म मानला जातो. आपली ओढ पुरुषांकडे आहे हे ठाऊक असूनही लग्नाला उभा राहणारा मुलगा बहुधा फसवायला निघालेला नसतो. तो एक देणे चुकवायला निघालेला असतो. घरचे स्थळ आणतात, धाकट्या बहिणीचे अडून राहते, गावी आई आजारी असते. देणे चुकते होते आणि त्याच दिवशी ज्याची कोणी नोंद ठेवत नाही असे दुसरे देणे सुरू होते. ते बायकोचे.

या देण्याचे स्वरूप बौद्ध पंचशीलावरून नीट उलगडते. महाराष्ट्रातल्या बौद्ध घराघरांत त्रिसरणानंतर पंचशील म्हटले जाते. या विषयात लोक तिसऱ्या शीलाकडे, म्हणजे कामातील मिथ्याचारापासून विरत राहण्याकडे बोट दाखवतात. पाली परंपरा अगम्य स्त्रियांचे वीस प्रकार मोजते: आईच्या रक्षणातली, बापाच्या, भावाच्या, पैशाने आणलेली, घटकाभराची. यादी सगळी स्त्रियांची आहे आणि कसोटी आहे ती दुसऱ्या कोणाच्या हक्कावर आक्रमण होते का, ही. संसारी समलिंगी पुरुषाचे कृत्य या यादीत चपखल बसत नाही. ते बसते दुसऱ्या (न दिलेले न घेणे) आणि चौथ्या (असत्य न बोलणे) शीलात. रात्रपाळीचे कारण हा मृषावाद, आणि मुलांच्या फीसाठी किंवा भिशीच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे वळवणे हे न दिलेले घेणेच. विकतच्या पुरुषाऐवजी विकतची स्त्री असती तरी या दोन शीलांचा भंग तसाच झाला असता. म्हणजे दोषाचे मूळ समलिंगी असण्यात शोधणे हा पत्ता चुकणे आहे.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. सत्य सांगितले तर या माणसाचे काय होईल? नोकरी, खोली, भाऊबंद सगळे एका फटक्यात जाऊ शकते. मग लपवणे हा आपद्धर्म का मानू नये? महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची कथा येते. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाला दरोडेखोर विचारतात, माणसे कुठे लपली? तो खरे सांगतो, माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. श्रीकृष्णाच्या मुखी ही कथा आहे आणि तिचा निष्कर्ष उघड आहे: प्राण वाचवणारे असत्य सत्याहून मोठे. इस्लामी परंपरेत याला जोड मिळते. झाकलेल्या पापाचा बोभाटा करणाऱ्याची निंदा हदीसमध्ये आहे. कुराणाच्या सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या पाळतीवर राहण्याची मनाई आहे आणि सूरह नूरमध्ये शीलवतीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणले नाहीत तर ऐंशी फटक्यांची शिक्षा आहे. मौलवी समलिंगी संगाला हराम ठरवील, पण त्यासाठी शेजाऱ्याच्या खोलीत डोकावायला परवानगी देणार नाही. भिवंडीसारख्या मुस्लिमबहुल शहरात हा मुद्दा किरकोळ नाही.

तरीही कौशिकाची कथा इथे पूर्ण लागू पडत नाही. झाडीत लपलेली माणसे वेगळी होती, बोलणारा वेगळा. इथे लपलेला आणि बोलणारा एकच आहे, आणि विचारणारी दरोडेखोर नाही. समाजापासून, मालकापासून, पोलिसांपासून झाकून ठेवणे हा आपद्धर्म मानता येईल. जे शेजाऱ्याचे घेणे नाही ते त्याला न देण्यात असत्य नाही. बायकोचे मात्र ते घेणे आहे. तिचे शरीर, तिचे आरोग्य आणि तिची उरलेली वर्षे त्या माहितीवर अवलंबून आहेत. एकच मौन एका माणसापुढे धर्म ठरते आणि दुसऱ्यापुढे चोरी, यात विसंगती काही नाही.

कायद्याने या स्त्रीकडे उशिरा आणि अर्धवट पाहिले. 1860 च्या दंडसंहितेत कलम 377 पुरुषसंगाला गुन्हा ठरवत होते, तर कलम 497 मधला व्यभिचार म्हणजे दुसऱ्याच्या बायकोशी केलेला संग, फिर्यादी नवरा. नवऱ्याने पुरुषाशी संबंध ठेवला तर दुखावले जात होते ते सरकार, बायको नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संगाला 377 मधून वगळले आणि त्याच महिन्याच्या 27 तारखेला 497 रद्द केले. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवरा बदनाम स्त्रियांच्या संगतीत राहत असेल तर ते क्रौर्य धरले आहे. बदनाम पुरुषांची कल्पना त्या शब्दांत नाही. हिंदू विवाह कायद्यात मात्र घटस्फोटाचे कारण देताना जोडीदाराखेरीज ‘कोणत्याही व्यक्तीशी’ संग असे म्हटले आहे, आणि तिथे वाट खुली राहते.

पैशाचा प्रश्न अजून उरतो. तत्त्वज्ञ कांटच्या मते मोबदला घेऊन आपले शरीर दुसऱ्याच्या सुखासाठी देणारा स्वतःला वस्तू करतो, आणि माणूस स्वतःच्या मालकीची वस्तू नाही. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण मागाच्या शेडमध्ये तो डळमळतो. बारा तास खडखडाटात उभे राहून कान आणि सुताच्या धुळीत फुप्फुसे झिजवणारा माणूसही शरीरच मीटरच्या भावाने देत असतो. त्याला वस्तू म्हणायला कोणी धजत नाही, कारण आपण कापड वापरतो. फरक असलाच तर तो सुटका करून घेण्याच्या शक्यतेत आहे: बोलावलेल्या तरुणाला नाही म्हणता येते का, ठरलेले पैसे मिळतात का, मारहाण झाली तर तो तक्रार करू शकतो का. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा मुळात स्त्रिया आणि मुलींपुरता होता. 1986 च्या दुरुस्तीने तो सर्व व्यक्तींना लागू झाला. प्रौढाने स्वेच्छेने केलेला देहविक्रय स्वतःहून गुन्हा नाही, पण कुंटणखाना, दलाली आणि उघड मागणी घालणे गुन्हा आहे. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्यांनाही सन्मानाने जगण्याचा अधिकार असल्याचे सांगून पोलिसांना निर्देश दिले.

हा सन्मान वारकरी परंपरेला नवा नाही. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा संतमालिकेत बसली आणि तिचे स्थान पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या आवारातच आहे. पण कान्होपात्रेचा गौरव तो धंदा नाकारल्याबद्दल झाला, हेही विसरू नये. धंद्यात राहूनच पोट भरणाऱ्याला परंपरा काय देते, याचे उत्तर तिच्या कथेत नाही. बोलावलेला तरुण बहुधा स्वतःही कोणाचा तरी मुलगा, कधी नवरा असतो. त्याच्या घरीही रात्रपाळीसारखे काही कारण सांगितले गेलेले असते. त्याच्याशी घासाघीस करणारा, पैसे बुडवणारा किंवा बाहेर पडताना तोंड फिरवणारा ग्राहक संसाराची लाज त्याच्यावर उतरवत असतो. उलटही घडते. ओळख उघड करण्याची धमकी देऊन पैसे उकळणारे या व्यवहारात शिरतात. 1860 च्या दंडसंहितेत खंडणीसाठी 377 चा आळ घेण्याची धमकी देणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. कायदा करणाऱ्यांना गुपिताची किंमत ठाऊक होती.

मराठीत या विषयाला धर्माच्या बाहेरून भिडणारा पहिला नेटाचा आवाज र. धों. कर्वे यांचा. 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात त्यांनी कामव्यवहाराला पाप-पुण्याऐवजी आरोग्य आणि संमती यांच्या मोजपट्टीने मोजले. समलिंगी संबंधांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, पण कर्वे हरले आणि दंड झाला. कर्व्यांची मोजपट्टी पहिल्या दोन प्रश्नांना पुरते. संमतीचा अर्थ दोन शरीरांपुरता धरला तर तिसऱ्या प्रश्नात ती तोकडी पडते, कारण घरातली तिसरी व्यक्ती कशालाच संमती देऊ शकलेली नसते. तिला विचारलेच गेलेले नाही.

आरोग्याच्या बाबतीत कायदा आता एक पाऊल पुढे गेला आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संसर्ग झालेल्या आणि समुपदेशन मिळालेल्या व्यक्तीने तो इतरांना होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेतली पाहिजे. बायकोपुढे तोंड न उघडताही नियमित तपासणी आणि निरोध यांनी हे देणे बरेचसे फेडता येते. तेवढे तरी न करणाऱ्याच्या मौनाला आपद्धर्माचा आधार उरत नाही.

ज्यांचे लग्न अजून व्हायचे आहे त्यांचा मामला सोपा आहे, निदान तत्त्वाने. 1994 मध्ये सुरू झालेला मुंबईचा हमसफर ट्रस्ट आणि 2002 पासून पुण्यात काम करणारा बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट अशा तरुणांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलतात. दबावाखाली स्त्रीशी लग्न करू नये, हे खिरे यांनी मराठीत वारंवार लिहिले आहे. एकट्याने राहून, कोणाला न फसवता, पैसे देऊन घेतलेल्या सहवासावर मग फक्त दुसरा प्रश्न लागू होतो. ज्यांचे लग्न झाले आहे त्यांना मात्र सांगण्याची वेळ आणि रीत ठरवावी लागते. हिंदू विवाह कायद्याखाली महत्त्वाची बाब लपवून संमती घेतली असल्यास बायको विवाह रद्द करून मागू शकते. अशी लपवणूक त्यात बसते का, हे न्यायालय ठरवते. त्यासाठीची एक वर्षाची मुदत लग्नाच्या तारखेपासून मोजत नाहीत, फसवणूक उघड झाल्यापासून मोजतात, आणि कळल्यानंतरही ती राजीखुशीने नांदली असेल तर हा मार्ग बंद होतो. जावे की नांदावे, हे त्या वर्षात तिने ठरवायचे असते.