तिथी बापाची, घर आईचं

बाप गेला की मुलाने गावी कधी जायचं, याच्या तारखा धर्मच ठरवून देतो. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध आणि मग दर भाद्रपदात पितर. शहापूर-मुरबाडच्या गावांतली कर्ती पिढी कल्याण-ठाण्याला, भिवंडीच्या गोदामांत किंवा थेट मुंबईत कामाला असते. मागे म्हातारा-म्हातारी राहतात आणि म्हातारा गेला की एकटी म्हातारी. पितरांच्या दिवशी मुलगा सकाळच्या लोकलने आसनगाव नाहीतर आटगावला उतरतो आणि पुढे शेअर रिक्षा पकडतो. मुरबाडला रेल्वे नाही, तिकडचा कल्याणहून एसटी धरतो. दुपारपर्यंत पान तयार असतं: खीर, वडे, भोपळ्याची भाजी, वरणभात. तो ते कौलांवर ठेवतो, कावळ्याची वाट बघतो, जेवतो आणि संध्याकाळी परत फिरतो. आई पहाटेपासून चुलीपुढे असते. कावळा शिवायला वेळ लागला तर म्हाताऱ्याची कुठली इच्छा राहिली यावर ओटीवर घटकाभर खल चालतो. म्हातारीची इच्छा कळायला कावळा लागत नाही, म्हणूनच की काय, ती कोणी विचारत नाही. बापाच्या तिथीला गेलं की आईकडे जाण्याचं कर्तव्यही त्याच फेरीत उरकतं, अशी बहुतेकांची समजूत असते. धर्मशास्त्राच्याच हिशेबाने पाहिलं तर ही दोन कामं वेगळी आहेत, असं मला वाटतं.

श्राद्धाच्या मुळाशी ऋणाची कल्पना आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत: ऋषींचं ब्रह्मचर्याने फिटतं, देवांचं यज्ञाने आणि पितरांचं प्रजेने. पितर म्हणजे गेलेले. गुडघ्यावर हात टेकून उठणारी, जिवंत आई या यादीत कुठेच नाही. पण म्हणून परंपरेने तिला कमी लेखलं असंही नाही. तैत्तिरीय उपनिषदात शिष्याला निरोप देताना आचार्य आईचं नाव बापाच्या आधी घेतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात गौरवाच्या बाबतीत आई बापाहून हजारपट ठरते. सगळ्यांत बोलका आहे तो आपस्तंब. आई पतित झाली तरी तिची सेवा सोडू नये, असं त्याच्या धर्मसूत्रात आहे. पतित म्हणजे जिच्याशी जेवणखाण, धर्मकार्य, सगळा व्यवहार तुटला अशी. आता विधींचे सगळे धागे तुटल्यावरही जे कर्तव्य शिल्लक राहतं, ते विधीतून आलेलं असणार कसं? आणि विधीतून आलेलं नसेल, तर विधी करून ते फिटणार कसं? बुद्धानेही अंगुत्तर निकायात हेच वेगळ्या वाटेने सांगितलं आहे. आईबापांना शंभर वर्षं दोन खांद्यांवर वाहिलं तरी त्यांचे उपकार फिटत नाहीत. त्यांच्या ठायी श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा रुजवली तरच काही फेड होते. ही फेडही आईसमोर बसून बोलल्याशिवाय होण्यासारखी नाही.

यावर कोणी म्हणेल, मग हिला शहरात घेऊन जा, रोजच बसा समोर. पुंडलिकाने आईबापांना जवळ ठेवूनच सेवा केली आणि देवाला विटेवर उभं केलं. हा आक्षेप वजनदार आहे. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, पण दुखणं जड असलं की पुढे कल्याण-ठाणे गाठावंच लागतं. आई अंथरुणाला खिळली असेल तर तिला गावी ठेवून महिन्याच्या फेऱ्या मारण्यात कसलं पुण्य? तिथे माझा युक्तिवाद थांबतो. पण बहुतेक घरांत प्रश्न हा नसतो. हिंडती-फिरती, बांधावर जाऊन भाताची लोंबी बोटांत चुरून बघणारी, कापणी झाल्यावर ओल आहे तोवर वाल पेरून घ्या म्हणून भावकीच्या मागे लागणारी बाई बदलापूरच्या दोन खोल्यांत आली, की तिचं काय होतं? गावी ती घरधनीण असते, इथे ती पाहुणी होते, आणि तीही न जाणारी. मनूचाच पाचवा अध्याय नवऱ्यामागे बाईला मुलांच्या स्वाधीन करतो. दुसरा अध्याय तिला हजारपट मोठी म्हणतो आणि पाचवा तिला ताब्यात देतो. मुलांना पाचवा सोयीचा पडतो.

सोय कशी, ते सातबाऱ्यावर दिसतं. बाप गेला की वारस नोंद होते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलाबाळांच्या बरोबरीची, पहिल्या वर्गातली वारस आहे. (आदिवासींना हा कायदा लागू नाही, त्यांच्यात रूढी चालते, आणि या दोन तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पुष्कळ.) नाव चढतं आणि लगोलग हक्कसोडीचा कागद पुढे येतो. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, मुरबाडलाही जमिनीचे भाव चढले, आणि म्हातारीचा अंगठा एकाएकी मोलाचा झाला. आईला शहरात नेण्याचा कळवळा पुष्कळ वेळा खरा असतो. पण तो या कागदाच्या आधी आला की नंतर, एवढं तरी पाहावं. तिचं घर, तिचं नाव, तिचा शब्द जागेवर ठेवून तिच्याकडे जाणं हे मला नेण्यापेक्षा अवघड वाटतं, कारण तिथे जेवायला वाढणारी ती असते आणि मुलाला पाटावर बसून ऐकून घ्यावं लागतं.

पैसे पाठवतोच की, हा दुसरा जबाब. कायद्याची समजही तशीच आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे अर्ज केला तर दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. ज्या आईला दोन वेळचं मिळत नाही तिला हा कायदा हवाच. मात्र तो कर्तव्याची किंमत ठरवतो, आणि किंमत ठरली की पुन्हा ऋणाचीच भाषा आली. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाला मात्र यातलं काही लागू करायचा मला अधिकार वाटत नाही. दिवाळीनंतर घर सोडायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं, अंगावर उचल घेतलेली. वाडीत राहिलेल्या आईकडे मधेच जायचं तर मजुरी बुडते आणि मालक ओरडतो. शक्तीबाहेरचं कर्तव्य शास्त्रही सांगत नाही. मी बोलतोय ते महिन्याचा पगार आणि रविवारची सुट्टी असणाऱ्यांबद्दल. त्यातल्या मुंबईकरांच्या नळाला निम्म्याच्या आसपास पाणी शहापूरच्या भातसा धरणाचं येतं, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात आई टँकरपुढे हंडा घेऊन उभी असते.

एक आक्षेप मला स्वतःला जास्त टोचतो. या सगळ्यात मी मुलगा-मुलगा करतो आहे. प्रत्यक्षात आईकडे तिथी नसताना कोण जातं? लेक जाते. सासरचं आवरून, तिखट-मसाला घेऊन, आईच्या पायाला तेल लावायला. शास्त्र तिचं येणं मोजत नाही, कारण पिंड मुलाचा. आणि पितरांचा स्वयंपाक आईच्या जोडीने रांधणारी सून तर या हिशेबात नावापुरतीही नाही. हे मान्य करावंच लागेल, आणि त्याने मूळ मुद्दा आणखी पक्का होतो. विधीबाहेरचं कर्तव्य आजवर बायकांनी विधीशिवायच पाळलं आहे. मुलाला मात्र विधी चालू असतानाही आईसाठी काही करता येतं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. दहाव्याला बांगड्या फुटत असताना मुलगा तिथेच उभा असतो, डोकं भादरलेलं, हातात दर्भ. त्याने तिथे एक शब्द उच्चारला तर तो पुढच्या दहा फेऱ्यांहून मोठा ठरेल.

तिथी हवीच असेल तर ती आईच्या सोयीने का निवडू नये? पौषात भात घरात आलेलं असतं, लग्नसराई नसते, आणि पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची जत्रा भरते: बैलबाजार, घोंगड्या, खांबलिंगेश्वराचं दर्शन. त्या दिवशी तिला पितरांचा स्वयंपाक नसतो. जत्रेला रजा मिळत नाही, असं लोक म्हणतात. रजा तर पितरांनाही नसते. सर्वपित्री अमावस्येला ती टाकतातच ना?