गुरूची आज्ञा

अंगुलिमालाची कथा आपण विहारात ऐकतो. गळ्यात बोटांची माळ घालणारा डाकू तथागतांना शरण आला, एवढीच. तो डाकू झाला कसा? अट्ठकथा सांगते, त्याचे नाव अहिंसक. तक्षशिलेचा हुशार, आज्ञाधारक विद्यार्थी. कान भरलेल्या गुरूने हजार बोटांची दक्षिणा मागितली आणि तो ती गोळा करू लागला. म्हणजे ते खून निष्ठेपायी झाले! मूळ सुत्तात हा भाग नाही. पण जोडणाऱ्याला काय खुपत होते ते कळते.

मग निष्ठा हा सद्गुण आहे काय? आपण अंगुलिमाल नव्हतो, आपण अन्याय सोसला. तरी निष्ठा आपल्याकडेही होती. मेलेले ढोर ओढणे हा कित्येक आजोबांना आपला हक्क, आपला मान वाटे. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडले, पण वतनाचा मोह आपल्याच घरांतून सुटत नव्हता. त्या म्हाताऱ्यांना हसू नका. अहिंसकही मूर्ख नव्हता, 'का?' एवढेच त्याने गुरूला विचारले नाही.

भिक्खू झाल्यावरही श्रावस्तीत त्याच्यावर ढेकळे, काठ्या पडल्या. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. तथागत म्हणाले, सोस.

उद्या तुमचा मुलगा विचारील, "आजी जुने देव पेटीत का लपवते?" त्याचे उत्तर सोपे आहे. पण "तुम्ही सांगता म्हणून मी त्रिशरण का म्हणू?" असे त्याने विचारले तर? 'हा आमचा गुरू आहे' एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले, तेव्हा स्वतःला त्यातून वगळले नव्हते.