नादाचे नित्यत्व आणि तबकड्यांची दुकाने

न्यायदर्शन शब्दाला आकाशाचा गुण आणि उपजून विरणारा मानते; मीमांसकांच्या मते मात्र वर्णरूप शब्द नित्य असून उच्चारातील ध्वनी त्याला केवळ अभिव्यक्त, म्हणजे प्रकट, करतो. हा वाद मुळात वेदवाणीचा असला, तरी ध्वनिमुद्रिकेने तो संगीतापुढेही उभा केला, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीतून गायक अब्दुल करीम खाँचा विरलेला स्वर सुईच्या स्पर्शाने पुन्हा उमटतो. परंतु स्वर टिकला म्हणजे तो ऐकला जाईलच असे नाही. मुंबईच्या काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६ साली बंद झाले, तेव्हा गाणी नष्ट झाली नाहीत. नष्ट झाली ती अनोळखी श्रोत्याला जाणत्या विक्रेत्याशी जोडणारी जागा, आणि ही हानी अधिक दुःखद होय. चोरबाजारात मात्र लाखेच्या जुन्या तबकड्या उजेडात तिरप्या धरून चरे पारखणारी गिऱ्हाइके अद्याप येतात.