दम आणि यत्न

पन्नाशीनंतर बाईने स्पर्धेसाठी पोहावे का, हा प्रश्न आमच्या सुरतेत आता जुना झाला. इथल्याच बकुलाबेन पटेल साठीच्या सुमारास पोहायला शिकल्या आणि ज्येष्ठांच्या स्पर्धांत त्यांनी पदकं मिळवली. मला पडतो तो प्रश्न वेगळा आहे. डबे, देवदर्शन, दुकान सांभाळून सकाळचा एकच तास आपल्या वाट्याला येतो. तो हात-पाय नीट मारायला शिकण्यात घालवायचा, की फेऱ्या वाढवून दम कमावण्यात?

हा प्रश्न कोचला विचारावा, असं कुणी म्हणेल. पण आपण कष्ट कशाला म्हणतो, हेही त्यात दडलेलं आहे.

आपल्याकडे कष्ट मोजायची सवय आहे. कुणी अठ्ठाई केली, कुणी मासक्षमण केलं. आपण मनापासून अनुमोदना करतो, आणि ते योग्यच. पण तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांतले सहाच बाह्य. विनय, स्वाध्याय, ध्यान हे आतलं तप आकड्यात सांगता येत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. तलावावर तेच. ‘आज साठ फेऱ्या झाल्या’ हे सांगता येतं. साठावी फेरी कशी झाली, हे कोण विचारतं?

पाणी मात्र ते पाहतं. ते हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा अडथळा जवळजवळ चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. डोकं वर उचललं की कंबर-पाय खाली जातात, आणि पुढची सगळी मेहनत पाणी ढकलण्यात खर्ची पडते. बारा वर्षांची पोर हे खपवून घेते. आपला खांदा घेत नाही. माझ्या शेजारच्या लेनमधल्या एक बेन दुखऱ्या खांद्याने फेऱ्या मोजत राहिल्या. शेवटी पोहणंच सुटलं. स्पर्धा गेली त्याचं काही नाही हो. दिवसातला त्यांचा स्वतःचा एकमेव तास गेला.

मग सगळा वेळ तंत्रालाच द्यावा का? तसंही नाही. काहीजणी पंचवीस मीटर इतक्या देखण्या पोहतात की पाहत राहावं. शंभर मीटरच्या शर्यतीत तिसऱ्या लेंग्थला त्याच हाताचं कोपर खाली पडतं, श्वास अडकतो. विसावलेल्या शरीरातच टिकणारं तंत्र अजून आपलं झालेलं नसतं. क्षमेचंही असंच आहे ना? सामायिक करून उठल्यावर क्षमा सोपी असते. रात्री नऊला, शेवटची पोळी तव्यावर असताना कुणी चौथ्यांदा हाक मारली, की ती किती मुरली आहे ते कळतं.

माझ्या माहेरच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आठवा. 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं. 1972मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकलं. पाय मारण्याची सोयच नाही, तेव्हा हाताचा प्रत्येक फटका नेमका हवा. आणि तो शेवटच्या मीटरपर्यंत नेमका राहायचा तर अंगात दमही हवा. दोन्हींत निवड करायची मुभा त्यांना नव्हतीच.

एका आजींनी मला विचारलं, ‘‘पाण्यातल्या जीवांचं काय गं?’’ हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. अप्काय जीव मानणाऱ्या घरात मी वाढले. पोहण्याने हिंसा होत नाही, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणते की श्राविकेने पाण्यात उतरायचंच ठरवलं, तर निरर्थक खळबळ तरी करू नये. आपला यत्नाचार हेच सांगतो ना? जे करायचं ते जपून, जाणून.

म्हणून मी माझ्यापुरता क्रम लावला आहे. पहिली वीस मिनिटं सावकाश, फक्त शरीराची रेष आणि श्वास. मग वेगाच्या छोट्या फेऱ्या, मध्ये विश्रांती. एका लेंग्थला किती हात पडतात ते मोजायचं. दोन-तीन हात वाढले की थांबायचं, दम असला तरी. तंत्र मोडतं ती जागा आपली आजची सीमा. रोज तिच्यापर्यंत जायचं आणि आठवड्या-महिन्यांनी ती थोडी पुढे सरकवायची.

ज्येष्ठांच्या जलतरणात वयाचे गट पाच-पाच वर्षांचे असतात. म्हणजे दर पाच वर्षांनी आपण नव्या गटात सर्वांत लहान होतो! घाई कसली? फेऱ्या कमी भरल्या तरी चालतील, मैत्रिणींनो; खांदा आणि तो एक तास मात्र शाबूत राहू दे.