मध्यान्हाच्या आत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्त मंडळी, मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडं पारायणाला बसणाऱ्यांची यादी सुरू होते. आणि दरवर्षी चार-दोन माणसं मला रस्त्यात थांबवून सांगतात, ‘महाराज, यंदा नाही जमत, पुढच्या वर्षी नक्की बसतो.’ मला त्यांचा राग येत नाही. हेच वाक्य मीही पुष्कळ वर्षं बोललेलो आहे, आणि देवापुढं नाही, आईपुढं बोललेलो आहे.

माझ्या आईला गाणगापूरला जायचं होतं. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करायचं, निर्गुण पादुकांचं दर्शन घ्यायचं, एवढीच इच्छा. तिसगावहून नगर, पुढं सोलापूर, अक्कलकोट आणि मग गाणगापूर. काही काशी-रामेश्वर नव्हे. पण मी म्हणायचो, ‘आई, कापसाची वेचणी होऊ दे.’ वेचणी झाली की ज्वारीची काढणी. तोवर होळी यायची, मढीला कानिफनाथांची यात्रा भरायची, घरात पाहुण्यांची रीघ. मग ऊन फार आहे. मग पेरणी तोंडावर आली. ती कधी चिडली नाही. संगमावर नेसायला म्हणून एक कोरं लुगडं तिनं ट्रंकेत घडी घालून ठेवलं होतं. ते लुगडं शेवटी तिला नेसवलं, पण ते आमच्याच ओसरीवर.

तेव्हापासून मी या ‘उद्या’चा विचार करत आलोय. लोक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. मी पहाटे उठून मोटर चालू करायला जाणारा माणूस, दिवसभर पाठ टेकली नाही. मग आईचं एवढं एकच काम कसं राहिलं? उत्तर सोपं आहे आणि टोचणारं आहे. सोसायटीच्या हप्त्याला तगादा होता, पेरणीला वापशाचा तगादा होता, लग्नकार्याला तिथीचा तगादा होता. आईला तगादा लावता येत नव्हता. देवही लावत नाही. ज्यांचा आपल्यावर खरा हक्क, तेच मुकाट्यानं थांबून राहतात, आणि आपण त्यांनाच थांबवतो.

गुरुचरित्राच्या शेवटाकडं पर्वतेश्वर नावाच्या शेतकऱ्याची कथा येते. आपण शेतकरी माणसं, पारायणात ती आली की कान टवकारतात. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी रोज गाणगापुराहून संगमावर अनुष्ठानाला जायचे. वाटेवर याचं शेत. हा रोज हातातलं काम टाकून पळत यायचा, नमस्कार करायचा, पुन्हा कामाला लागायचा. एकदा स्वामींनी विचारलं, तुला हवंय तरी काय? हा म्हणाला, जोंधळा यंदा बरा आलाय, एकदा नजर टाका. स्वामींनी शेत पाहिलं आणि म्हणाले, माझ्या शब्दावर विश्वास असेल तर मी मध्यान्ही परत येईपर्यंत हे सगळं पीक कापून टाक.

आता विचार करा. पीक हिरवंगार उभं. कणसात दाणा भरायचाय. आपण काय केलं असतं? आपण ‘हो महाराज’ म्हणून पाया पडलो असतो आणि घरी जाऊन चार जणांना विचारलं असतं. पर्वतेश्वर तडक गावच्या अधिकाऱ्याकडं गेला. पिकात सरकारी वाटा, त्याच्या परवानगीशिवाय विळा लावता येत नव्हता. अधिकारी म्हणाला, येड लागलं का तुला? यानं गेल्या सालच्या दुप्पट धान्य द्यायचं लिहून दिलं. माणसं गोळा केली. बायकापोरं आडवी आली, रडारड झाली, तक्रार गेली. आणि स्वामी परत येईपर्यंत शेत कापून मोकळं.

पुढं थंडीचा वारा सुटला, मूळ नक्षत्रावर पाऊस पडला, साऱ्या शिवाराची पिकं गेली, आणि याच्या धसकटांना फुटवे येऊन पीक दाटलं. हा भाग आपण फार गोडीनं वाचतो. त्यात आपला लोभ थोडा असतो, खोटं कशाला बोला! पण कापणी झाली तेव्हा हे फळ त्याला ठाऊक नव्हतं. उलट स्वामीच म्हणाले, मी तर सहज बोललो होतो, तू कापलंस कशाला? माझा जीव त्या सकाळपाशी अडकतो. परवानगी, करारपत्र, मजूर, घरातलं भांडण, इतकी कामं त्यानं सूर्य डोक्यावर यायच्या आत उरकली. मन तयार होण्याची वाट बघितली असती तर? अशा कामाला मन कधीच तयार नसतं. त्याच्याकडं दोनच गोष्टी होत्या, दिलेला शब्द आणि ठरलेली वेळ. ‘लवकर काप’ असं स्वामी म्हणाले असते, तर कदाचित त्याचंही राहिलं असतं.

आपल्या सप्ताहातही हीच युक्ती आहे, फक्त आपलं लक्ष जात नाही. वीणा खाली ठेवायची नाही म्हणून पहारे लावतात. जो माणूस घरी सहाच्या आत डोळा उघडत नाही, तोच रात्री दोनच्या पहाऱ्याला कानटोपी घालून, कुडकुडत हजर असतो. त्याला ठाऊक असतं, आपण गेलो नाही तर मंडपात कुणीतरी गळ्यात वीणा घेऊन आपली वाट बघत उभा राहील. आपल्या पाथर्डी तालुक्यातली ऊसतोडीला गेलेली लेकरं आज कुठल्या तरी फडात काळोखात कोयता घेऊन उठतात, तीही अशीच. टोळीतल्या जोडीदाराचा खोळंबा होतो. माणूस एकटा असला की स्वतःला फसवतो. कुणीतरी आपली वाट बघतंय म्हटलं की उठतो.

काही जण अवधूताच्या चोवीस गुरूंतला अजगर पुढं करतात. ‘महाराज, अजगरालाही दत्तांनी गुरू केलंय, तो कुठं धावपळ करतो?’ खरं आहे. पण अजगराकडून घ्यायचं ते मिळेल त्यात समाधान, अंथरूण नव्हे. त्याच यादीत बाण घडवणारा कारागीर आहे. त्याच्या शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्यानं मान वर केली नाही. आणि पिंगळा आहे. आशेपोटी मध्यरात्रीपर्यंत दारात ताटकळली, आणि मन फिरलं तेव्हा ‘सकाळी बघू’ म्हणाली नाही, त्याच रात्री आशा सोडून निजली. हा अजगर ज्यांनी आपल्याला मराठीत समजावला, त्या पैठणच्या नाथमहाराजांनी एकनाथी भागवताच्या अठरा हजारांवर ओव्या लिहून 1573 साली काशीत ग्रंथ पुरा केला. पडून राहून झालं का ते?

पारायणाचंच घ्या. सात दिवस सोवळं झेपत नाही, बसून गुडघे धरतात, म्हणून कितीतरी जण पोथीच उघडत नाहीत. खुर्चीवर बसा. सप्ताह नाही झेपत तर रोज सकाळी चहाच्या आधी दहा ओव्या वाचा. पण वेळ ठरवा, आणि घरात नातवाला सांगून ठेवा, ‘मी नाही वाचलं तर मला टोक.’ पोरं टोकतात, त्यात त्यांना फार मौज वाटते.

आणि पोथीबाहेरचंही आहे. आपल्यातल्या किती जणांनी वारसांचं कागदावर आणायचं ठेवलंय? मोतीबिंदू पिकू दे म्हणून किती जण भिंतीला धरून चालतात? बांधावरून बोलणं बंद झालेला भाऊ पलीकडच्याच गल्लीत राहतो. दोघांचीही सत्तरी उलटली. दोघंही मनातून तयार आहेत, हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलंय. दिवाळीला जाईन म्हणाला होता, दिवाळी झाली. दत्तजयंतीच्या पाळण्याला दोघंही मंदिरात येतात, एक या खांबाशी बसतो, एक त्या. बाबांनो, सुंठवडा वाटायच्या आत खांब बदला.

यंदाच्या पहाऱ्याच्या वहीत रात्री दोन ते चारची ओळ परवापर्यंत कोरी होती. तिथं मी माझं नाव लिहिलंय. आणि सप्ताह उठला की दुसऱ्या दिवशी सकाळी नगरहून गाणगापूरला निघतोय. ज्वारीची राखण पुतण्यावर सोपवली आहे. आईचं जुनं लुगडं एक ट्रंकेत आहे, तेवढं बरोबर घेणार आहे, संगमावर भिजवायला. ज्यांच्या घरात कुणी असं थांबलेलं आहे, त्यांनी त्यांना घेऊन यावं. गाडीत आणखी तीन माणसांची जागा आहे, नाव आरतीच्या आधी सांगा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!